कार्डावर काय लिहावे

गेल्या डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडीतील एका सभागृहात महिला बचत गटांच्या वस्तूंचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरले होते. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि माझे अक्षर बरे आहे, त्यामुळे अशा ठिकाणी मला भाषणाला कोणी बोलावत नाही, कार्डे लिहायला बोलावतात. वरची ठळक कन्नड ओळ एक सहकारी लिहीत होते, खालची मराठी ओळ माझ्याकडे होती. नाचणीचे पापड, शेवया, कडक भाकरी, कैरीचे लोणचे असे लिहीत लिहीत मी सभागृहाच्या टोकाला पोहोचले. तिथे खिडकीच्या गजांना दोरी बांधून तीन मोठी, भडक रंगांची, ठिगळाठिगळांची पांघरुणे टांगली होती आणि त्यांच्याखाली सतरंजीवर खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातून आलेल्या दोन सिद्दी स्त्रिया बसल्या होत्या. त्यांतली थोरली साधारण माझ्याच वयाची असावी. मी फारसा विचार न करता 'सिद्दी आदिवासी हस्तकला : गोधडी' असे लिहिले आणि कार्ड टाचणीने कापडाला लावायला गेले. तिने टाचणी धरलेला माझा हात हलकेच थांबवला.

"बाई, काय लिहिलासा त्यात?"

मी वाचून दाखवले. 'आदिवासी' हा शब्द मी जरा जास्तच आदराने उच्चारला असणार, कारण तिच्याबरोबरची सून गालात हसली. थोरलीने मात्र शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "दाखल्यावर तसं लिवतात, ते ठाव हाय मला. पर ही कवंद हाय न्हवं? हिच्यावर कशाला?" त्यात तक्रार नव्हती, रागही नव्हता. भाजीवालीने पिशवीत चुकून पडलेला दुसऱ्याचा कांदा परत काढून द्यावा, तितक्या सहजपणे तिने माझे दोन शब्द मला परत केले होते. मीही हसले, 'बरोबर आहे आक्का' असे काहीतरी पुटपुटले आणि कार्ड तिथेच लावून पुढे गेले. पुढच्या टेबलावर हळदीची पाकिटे माझी वाट पाहत होती. रात्री स्कूटरवरून घरी येताना रेल्वे फाटकात अडकले, तेव्हा लक्षात आले, की बरोबर आहे असे म्हणूनही मी ते कार्ड काढले नव्हते.

दाखल्याचा तिचा मुद्दा साधा नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना 2003 साली अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली, पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की तोच माणूस, त्याच आडनावाचा, कित्येकदा सख्खा मामेभाऊ, यादीबाहेर राहत असे. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींसाठी संसदेने ती दुरुस्ती केली ती 2020 मध्ये. म्हणजे हल्ल्याळच्या बहिणीला जो कागद मिळाला तो खानापूरच्या बहिणीला मिळायला सतरा वर्षे लागली. त्यामुळे त्या शब्दाची किंमत तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. नातवंडांची फी, वसतिगृह, नोकरीचा अर्ज हे सारे त्याच्यावर अवलंबून आहे. पण तोच शब्द पांघरुणावर आला की खोटा पडतो. आदिवासी म्हणजे मूळचा, आधीपासून राहणारा. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले, आले म्हणण्यापेक्षा आणले गेले. पोर्तुगिजांनी आणि अरब व्यापाऱ्यांनी त्यांना गलबतांतून गुलाम म्हणून किनाऱ्याला उतरवले, आणि त्यांतले बरेचसे गोव्यातून निसटून घाट चढून आमच्या या रानांत लपले. आज त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि घरात बहुतेक सगळे कोकणी बोलतात. ज्यांना वसाहतवादाने एका खंडातून उपटून दुसऱ्या खंडात फेकले, त्यांच्या हातच्या कामावर मी 'इथले मूळचे' असा शिक्का मारत होते, आणि तोही कौतुकाने.

दुसरा शब्द तर त्याहून माझा होता, किंवा खरे म्हणजे माझा नव्हताच.

आमच्या घरात गोधडी कधी नव्हती. आमच्या घरात वाकळ होती. मामाचे गाव खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या अलीकडे, आणि तिथला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वाकळीचा वास वेगळा सांगावा लागत नाही. जून ते सप्टेंबर काहीच नीट वाळत नसे. चुलीवर बांधलेल्या दोरीवर कपडे टाकलेले असत, त्यामुळे वाकळीला ओल्या सुताचा, धुराचा, आजीच्या तपकिरीचा आणि कुठल्या तरी भावंडाने रात्री केलेल्या पराक्रमाचा असा एकत्र वास असे. दिवाळीनंतर ऊन पडले की आजी ट्रंकेतली जुनी लुगडी, आजोबांची विरलेली धोतरे आणि फाटलेले परकर ओसरीवर पसरायची. शेजारच्या गावाहून एक बाई शिवायला यायची, पायली-दोन पायली भात आणि जेवण या बोलीवर. आम्ही मुले वाकळीवर पालथी पडून 'ही आईची, ही मावशीच्या लग्नातली' असे तुकडे ओळखायचो. माझ्या पणजीचा चेहरा मला आठवत नाही, तिचा फोटो नाही, पण तिच्या लुगड्याच्या काठावरची रुईफुले मला आजही काढून दाखवता येतील, कारण ती माझ्या गालाखाली होती.

पुढे मी शिक्षिका झाले आणि पस्तीस वर्षे मराठी शिकवले. दरवर्षी थंडीच्या दिवसांवर निबंध असे आणि दरवर्षी खेड्यावरून येणारी पाच-सहा मुले लिहीत, 'सकाळी वाकळीतून उठू वाटत नाही.' मी 'वाकळीतून' वर काट मारून 'गोधडीतून' असे लिहीत असे, आणि 'उठू वाटत नाही' च्या जागी 'उठावेसे वाटत नाही'. पुण्याकडच्या तपासनीसाला समजले पाहिजे, असे मी स्वतःला सांगत असे, जरी आमच्या पेपरांवर पुण्याकडचा तपासनीस कधी येणे शक्य नव्हते.

त्या वह्यांवरची लाल शाई माझी होती.

ती शाई मी कुठून आणली, हे शोधायला लागले तेव्हा मला तारखांचा एक विचित्र मेळ सापडला, आणि तो सापडल्यापासून मनातून जात नाही. जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत पहिल्यांदा छापला गेला तो 1831 मध्ये. त्याच वर्षी 26 जानेवारीला, आमच्या आजोळापासून बैलगाडीच्या अंतरावर, नंदगडला वडाच्या झाडावर, इंग्रजांशी लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले. कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली 1857 मध्ये, आणि त्याच वर्षी मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडर समाजाच्या लोकांनी हत्यारे सरकारजमा करायला नकार दिला म्हणून कंपनीच्या फौजेने ते गाव जाळले. कोश आणि फाशी यांचा एकमेकांशी थेट संबंध होता असे मी म्हणत नाही. मोल्सवर्थने केलेल्या कामावर आम्ही मराठीचे शिक्षक आजही जगतो, आणि गंमत म्हणजे त्याच्या कोशात वाकळ हा शब्द निमूटपणे बसलेला आहे. त्याने तो ठेवला, मी तो खोडला. पण त्याच्या जोडीला असलेल्या मेजर कँडीने पुढे शाळाखात्यात बसून क्रमिक पुस्तकांची मराठी तपासली, घासली, सारखी केली. स्वल्पविराम आणि पूर्णविरामही त्यानेच रूढ केले असे मानतात. म्हणजे ज्या 'शुद्ध' मराठीच्या नावाने मी खानापूरच्या मुलांना दटावत होते, तिच्या शुद्धतेवर एका इंग्रज मेजरची सही होती. हे मला डी.एड. करताना कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी मी ते परीक्षेपुरते पाठ केले असते.

आमच्या शाळेत स्वातंत्र्यलढा म्हणजे टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आणि 1924 चे अधिवेशन, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते. सहल काढायची, विहिरीत डोकावायचे, चिवडा खाऊन परत यायचे. कित्तूरची राणी चन्नम्मा आणि 1824 चा संग्राम हे कन्नडच्या तासाला, दुसऱ्या बाई शिकवणार. रायण्णाला तर मी पुस्तकात भेटण्याच्या कितीतरी आधी कानांनी भेटले होते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजोळच्या जत्रेत रात्री गॅसबत्तीच्या उजेडात एक कन्नड मेळा गीगी पदे म्हणायला उभा राहिला. पुढे म्होरक्या, हातात डफ, मागे दोघे झांज आणि तुंतुणे घेतलेले. म्होरक्याने ओळ टाकली की मागचे दोघे 'गी गी' करून ती उचलून धरत. आमच्याकडचा शाहीर 'जी जी रं जी' म्हणतो तेच, एका अक्षराच्या फरकाने. आमचा कलगी-तुरा आणि त्यांचे नागेशी-हरदेशी हेही तसेच. शक्ती श्रेष्ठ की शिव, हे भांडण दोन्ही भाषांत त्याच डफावर चालते.

मला तेव्हा कन्नड येत नव्हते. डोळ्यांवर झोप होती आणि आजोबांच्या घोंगडीची लोकर मानेला टोचत होती. त्या लांबलचक गाण्यातले जे थोडे शब्द मला कळले ते मला अजून आठवतात : सरकार, हुकूम, साहेब, कचेरी. दोन्ही भाषांत ते सारखेच होते. एक अख्खे गाणे, आणि त्यातून माझ्यापर्यंत पोहोचले ते फक्त सत्तेचे शब्द. मग एका ठिकाणी डफ थांबला. म्होरक्याने बोटांनी चामड्यावर नुसती खरखर केली, खाली बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावला, आणि आजोबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "गल्लु. गल्लु म्हणजे फाशी." माझ्या आयुष्यात शिकलेला तो पहिला कन्नड शब्द. सकाळी आजोबांनी ते झाड दाखवायला नेले. रायण्णाच्या समाधीजवळ नवसाचे छोटे पाळणे बांधलेले होते. फाशी दिलेल्या माणसाकडे लोक मूल मागतात हे मला विचित्र वाटले नाही. मोठेपणी वाटले, आणि आता पुन्हा वाटेनासे झाले आहे.

त्या गाण्यांची छापील रूपे शोधली तर वाट पुन्हा एका साहेबापाशीच जाते. जॉन फेथफुल फ्लीट हा मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी 1872 मध्ये दक्षिण विभागाचा शिक्षण निरीक्षक होता, पुढे शिलालेखांचा मोठा जाणकार झाला. 1885 पासून त्याने 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात कन्नड लावण्या मूळ संहिता आणि इंग्रजी भाषांतरासह छापल्या. त्यांत रायण्णाची लावणी आहे आणि हलगलीच्या बेडरांचीही. हलगलीची तर पुढे राज्याच्या दहावीच्या कन्नड पाठ्यपुस्तकातही आली. फ्लीटबद्दल मला काय वाटते हे मला नीट सांगता येत नाही. ज्या सरकारने त्या लोकांना फासावर चढवले त्याच्याच पगारावर असलेल्या माणसाने त्यांची गाणी जपून, अर्थ लावून, टिपा देऊन छापली. त्याने बंडखोरांचे शब्द मऊ केले नाहीत. पण त्या गाण्यांवर शीर्षक कोण लिहिणार हे त्यानेच ठरवले. गाणाऱ्यासाठी जी रायण्णाची कथा होती ती छापताना बंड झाली, आणि गाणारा मनुष्य पुरावा झाला. हे वाचताना मला खिडकीच्या गजाला टांगलेले ते पांघरूण दिसत होते आणि त्यावर टाचणीने लावलेले माझे वळणदार अक्षर. फ्लीटकडे निदान आयुष्यभराची विद्वत्ता होती. माझ्याकडे मार्कर होता.

आणि आम्ही सीमाभागातले मराठी लोक तर पाट्यांच्या बाबतीत किती हळवे. दुकानाच्या पाटीवर कन्नड साठ टक्के हवे असा कायदा 2024 मध्ये आला, तेव्हा माझ्या घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. बेळगावचे बेळगावी झाले ते 2014 मध्ये, मुंबई कर्नाटकाचे कित्तूर कर्नाटक झाले 2021 मध्ये, आणि प्रत्येक वेळी आम्ही विचारले, की आमच्या गावाला काय म्हणायचे हे आम्हाला कोणी का विचारले नाही. प्रश्न चुकीचा नाही, आजही मी तो विचारीन. 2020 च्या ऑगस्टमध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या चौकात रायण्णाचा पुतळा बसवण्यावरून मराठी आणि कन्नड लोकांत जो वाद पेटला तो सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी पुतळा रायण्णाचा राहिला आणि चौकाला नाव छत्रपती शिवाजी महाराजांचे. त्या दिवसांत मला आजोबांचे ते 'गल्लु' सारखे ऐकू येत होते. मराठी नातीच्या कानात कन्नड शब्द सांगणाऱ्या त्या माणसाला पिरनवाडीत कोणत्या बाजूला उभे केले असते, कोण जाणे. मात्र या सगळ्या वादात खानापूरच्या रानातल्या सिद्दींच्या किंवा गवळी धनगरांच्या बोलीत एखादी पाटी असावी, असे दोन्ही बाजूंपैकी कोणाच्या मनातही आले नाही. माझ्याही नाही.

माझी भाची कॅनडात शिकते. तिच्या अभ्यासक्रमात 'डीकॉलनायझेशन' नावाचा विषय आहे आणि त्याला मराठीत काय म्हणतात हे तिने मला फोनवर विचारले. मी कोशात पाहून सांगितले, निर्वसाहतीकरण. ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. आमच्याकडे वसाहत म्हणजे पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत, आणि कॉलनी म्हणजे जिथे कर्ज काढून प्लॉट घेतात ती जागा. निर्वसाहतीकरण म्हणजे महानगरपालिका घरे पाडायला आली असेच वाटते. पण हसून झाल्यावर मला वाटले, की हे शब्द आमच्या अंगवळणी किती पडले आहेत. कँपात जाऊन येते म्हणताना ती छावणी कोणाची होती हे मनात येत नाही. हुबळीत आणि गदगला 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. काही जमातींना 1871 पासूनच्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि तारेच्या कुंपणात हजेरी देत ठेवले, ती ही जागा. आज रिक्षावाला तिथे सोडतो आणि सुटे पैसे मागतो.

भाचीने सांगितलेली एक गोष्ट मात्र मी सोडू शकले नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर अलर्ट बे नावाच्या बेटावरच्या गावात क्वाक्वाकावाक्व लोकांचे उमिस्टा हे सांस्कृतिक केंद्र आहे. या लोकांचा पॉटलॅच नावाचा मोठा समारंभ असे. लग्न, नामकरण, मृत्यू अशा प्रसंगी नाच, मुखवटे आणि दानधर्म. सरकारने 1885 पासून 1951 पर्यंत त्याच्यावर कायद्याने बंदी घातली होती. 1921 मधल्या एका पॉटलॅचनंतर लोकांना तुरुंगात टाकले आणि त्यांचे मुखवटे जप्त करून दूरच्या वस्तुसंग्रहालयांत पाठवले. पुढे अनेक वर्षे भांडून त्यांनी ते परत मिळवायला सुरुवात केली आणि 1980 मध्ये हे केंद्र उघडले. लढाईत पळवून नेलेला माणूस घरी परत आला की त्याला त्यांच्या भाषेत जे म्हणत तेच नाव केंद्राला दिले. भाची तिथे जाऊन आली. तिथे ते मुखवटे काचेच्या कपाटात ठेवलेले नाहीत, कारण इतकी वर्षे कुलपात होते त्यांना पुन्हा बंद कसे करायचे. आणि मुखवट्याजवळ लाकूड कोणते, कोणी जमा केले, असे कार्ड नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत, आणि ज्या सरकारी अधिकाऱ्यांनी ते हिसकावले त्यांची पत्रेही आहेत. मी दोनदा विचारले, "कार्ड नाही म्हणजे खरेच नाही?" तिला माझ्या प्रश्नाचे कारण कळले नाही.

तिनेच आणखी एक सांगितले. उत्तरेकडच्या बर्फातल्या इग्लूलिक या गावाला सरकार टीव्ही द्यायला तयार होते. 1975 मध्ये आणि पुन्हा 1979 मध्ये गावाने मतदान करून तो नाकारला, कारण त्यावर त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत काहीच नव्हते. त्यांच्या भाषेतले प्रसारण सुरू होण्याची वेळ आली, तेव्हाच त्यांनी टीव्ही घरात घेतला. आम्हाला असे काही सुचलेच नसते. आमच्या घरी मर्फीचा रेडिओ होता आणि त्याच्या काचेवर वडिलांनी नेलपॉलिशने दोन ठिपके दिले होते. एक सांगलीचा, एक धारवाडचा. सांगली केंद्र 1963 मध्ये सुरू झाले, धारवाड त्याच्याही आधी, 1950 पासून होते. सकाळी सांगलीला भक्तिगीते आणि बातम्या, रात्री धारवाडला संगीत, कारण मल्लिकार्जुन मन्सूरांना भाषा लागत नाही असे वडील म्हणत. दोन ठिपक्यांच्या मध्ये नुसती खरखर. ती खरखर म्हणजे रिकामी जागा असे मी कालपरवापर्यंत समजत होते.

फेब्रुवारीत मी त्या आक्काच्या वाडीवर गेले. पत्ता प्रदर्शनाच्या वहीत होता, पण खरा पत्ता एसटीतून उतरल्यावर चहाच्या टपरीवाल्याने सांगितला. मातीची चार-पाच घरे, मागे सागाची आणि जांभळाची झाडे, अंगणात पिवळ्या भोपळ्याचा वेल. ती ओसरीवर पसरलेल्या कवंदीवर बसली होती, म्हणजे अक्षरशः तिच्यावरच. आमच्या वाकळीला आधी उभे-आडवे धागे घालून घेतात. ती मात्र कोपऱ्यापासून कडेकडेने शिवत गेली होती आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे येत होती. धावदोरा बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि विलक्षण सारखा. डाव्या हाताने ठिगळाची कड आत दुमडायची, अंगठ्याने दाबायची, सुई एकदम पाच-सहा टाके पोटात घेऊन बाहेर यायची. चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्या घालून केलेली लहान लहान रंगीत फुले होती. ती कशासाठी असे विचारल्यावर सून म्हणाली, "फुलं नसली तर नागडी दिसतीया की." जवळच तिची पंधरा-सोळा वर्षांची नात मोबाईलवर बसली होती. तिने मला लग्नातल्या डमामीच्या नाचाचे तिने स्वतः केलेले व्हिडिओ दाखवले. आजी गाते आहे, कोणीतरी मोठ्या ढोलावर हात मारतो आहे, मागे कोंबडा. खाली तिने शब्द टाकले होते, कोकणी, पण कन्नड लिपीत. मला ते अक्षर अक्षर जुळवत वाचावे लागले, पहिलीच्या मुलासारखे, आणि माझा एक उच्चार चुकला तेव्हा तिने तो दुरुस्त केला. मी तिला म्हटले, हे सगळे नीट लिहून ठेव. ती म्हणाली, "लिवलंय की बाई, हेच." खरे तर ती बरोबर होती, पण माझ्या मनात अजून वहीच होती.

मी पिशवीतून कोरी कार्डे काढली आणि आक्काला सांगितले, की ते पहिले कार्ड चुकले होते, तू सांग, मी लिहिते. तिला त्यात फारसा रस दिसला नाही. आधी चहा झाला. मग तिने कवंदीवर बोट ठेवायला सुरुवात केली. हे निळे म्हणजे थोरल्या मुलाची शाळेची चड्डी, चौथीत सुटली शाळा. हे हिरवे सासूचे लुगडे, सासू हल्ल्याळकडची. ही चमकणारी साडी निवडणुकीत वाटलेली, नेसायला बरी नव्हती पण शिवायला टिकते. हे पांढरे गोव्यात काम करणाऱ्या दिराच्या शर्टाचे. हे काळे, याच्यावर तिने बोट ठेवले आणि काही न सांगता पुढच्या तुकड्यावर नेले. मी तिथे थांबले नाही. मी लिहीत होते आणि ते वर्गात मुलांकडून घ्यायचे श्रुतलेखन उलटे झाल्यासारखे होते. 'लिवलीस' म्हणाली तर 'लिवलीस' च लिहायचे, असे मी ठरवले होते, तरी दोन ठिकाणी माझा हात आपोआप 'लिहिलीस' कडे वळला. ती खाडाखोड अजून कार्डावर आहे.

"वर नाव काय घालू?" मी विचारले.

"कवंद घाला."

मी कवंद असे मोठे लिहिले. तिने ते अक्षर निरखले, जणू ओळखीचे माणूस आहे का ते बघत होती. मग विचारले, "तुमच्या घरात काय म्हंतासा हिला?"

मी म्हणाले, वाकळ. तो शब्द कितीतरी वर्षांनी मी मोठ्याने उच्चारला होता.

"मग त्येबी लिवा की खाली."

खाली जागा उरली नव्हती. मी कार्ड उलटे केले. तोवर तिने सुई आणि नवा दोरा माझ्यापुढे धरला होता, ओवून द्यायला. चष्मा पुसून मी तीनदा प्रयत्न केला, दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले, आणि शेवटी तिच्या नातीने मोबाईल मांडीवर ठेवून दोन्ही माझ्या हातातून घेतले.